आक्कांचा अबोला

"आई, आत्यांच्या हातात मिरची नाहीये."

वैजू उंबऱ्यावरून हे म्हणाली तेव्हा मी कढईत खोबरं परतत होते. मान न वळवताच मी म्हणाले, "नसू दे. राग आहे ना हातात, तेवढा पुरे."

शालन फिसकन हसली. शालन आमची शेजारीण. दर वर्षी चटणीच्या दिवशी ती आमच्याकडे येते आणि तिच्या चटणीला मी तिच्याकडे जाते. आमच्या गडहिंग्लजला उन्हाळ्याच्या तोंडावर प्रत्येक घरात असा एक दिवस असतो. वर्षभराची कांदा-लसूण चटणी एका दिवसात करायची. सकाळी मिरच्यांची देठं काढायची, मसाला भाजायचा, कांदा तळायचा आणि दुपारी सगळं डबे भरून गिरणीतल्या डंकावर कुटायला न्यायचं. त्या दिवशी घरात पाहुणा आला तर तो चहा न घेताच पळतो, इतका ठसका असतो.

देठं काढायला आक्का बसल्या होत्या. गोदाक्का, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या चार गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरी एकट्या राहायच्या आणि कारभार मात्र आमच्या घरचा करायच्या. आमचे हे दुकानात गिऱ्हाइकाला दरडावून बोलतील, पण आक्कांसमोर खुर्चीवर बसायचे नाहीत.

त्या दिवशी सकाळीच आमची जुंपली होती. वैजू माझी सून, लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले. ती देठं काढायला बसली तशा आक्का कडाडल्या, "उठ तिथनं. वर्साची चटणी हाय. फिट येणाऱ्या बाईचा हात लागला तर नासंल."

वैजू उठली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

तिला फिट येतात हे मला आणि उदयला, म्हणजे माझ्या मुलाला, लग्नाआधीच ठाऊक होतं. बघायला गेलो त्याच दिवशी पोरीनं स्वतः सांगितलं होतं, कुठली गोळी घेते त्याच्या नावासकट. उदय म्हणाला, मला चालेल. मी म्हणाले, मलाही चालेल, पण आक्कांना सांगायचं नाही. हे माझं शहाणपण! पंधरा दिवसांपूर्वी पुतणीच्या बाळाच्या बारशात ते उघडं पडलं. दोन रात्री पाहुण्यांची उठबस, झोप नाही, सुनेनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं म्हणून गोळीला उशीर. भर पंगतीत वैजू कोसळली आणि दोन मिनिटं हातपाय झाडत राहिली. आक्कांनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी वैजूच्या वडिलांना फोन लावला, "पोरगी घेऊन जावा."

ते उद्या दुपारी यायचे होते. वैजूची बॅग भरून खोलीत ठेवलेली होती. उदय साखर कारखान्यात केमिस्ट. तो माझ्यावर चिडून तीन दिवस घरात जेवला नव्हता. आणि मी? मी दोन्ही बाजूंना मान डोलावत होते. माझ्यासारखी भित्री सासू शोधून सापडायची नाही.

पण चटणी नासेल म्हटल्यावर माझ्याही डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "आक्का, चटणी काय हाताला घाबरती व्हय?"

एवढंच. तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलले. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि देठं काढायला लागल्या. मी घड्याळात पाहिलं. पावणेअकरा. आक्कांचा अबोला किती टिकतो हे मोजायची मला खोडच होती. गेल्या वर्षभरात तर त्या ऊठसूट अबोला धरायच्या. बोलता बोलता मध्येच गप्प, हाक मारली तरी ओ नाही, दोन मिनिटांनी परत सुरू. आम्ही म्हणायचो, वय झालं तसा राग वाढलाय.

"आई, तुम्ही इकडं बघा तरी," वैजू पुन्हा म्हणाली.

मी गॅस बारीक केला आणि वळले.

आक्का पाटावर ताठ बसल्या होत्या. पुढ्यात मिरच्यांचा लालभडक ढीग. त्यांचा उजवा हात चालू होता. अंगठा आणि दोन बोटं, खुडल्यासारखी, एकसारखी. पण बोटांत मिरची नव्हती. नुसतीच हवा खुडत होत्या. तोंड सुपारी चघळल्यासारखं हलत होतं.

"रुसलीया म्हातारी," शालन हळूच म्हणाली. "तुमच्याकडं बघायचं न्हाई म्हणून सोंग."

वैजू उठली. ज्या मिरच्यांना हात लावायचा नाही म्हणून तिला उठवलं होतं, त्याच मिरच्या दोन्ही हातांनी बाजूला सारून ती आक्कांसमोर बसली.

"आत्या, माझ्याकडं बघा. हात वर करा बघू."

आक्का तिच्या पलीकडे कुठेतरी बघत राहिल्या. ठसक्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीपर्यंत ओघळलं होतं.

"रुसलेलं माणूस डोळं तरी पुसतंय, काकी," वैजू शालनला म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आत्या शेवटचं कधी बोलल्या?"

"पावणेअकराला," मी म्हणाले. "तुला उठवलं तेव्हा."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती. तिचा चेहरा बदलला.

"आई, ही फिट आहे."

"ह्यॅ!" शालन म्हणाली. "फिट म्हंजे तुला आलती तसली. पडल्या न्हाईत, झाडल्या न्हाईत, फेस न्हाई."

"ती एक तऱ्हा झाली, काकी. ही दुसरी. मेंदूच्या एकाच कोपऱ्यात चालू असते, माणूस पडत नाही. बसल्या जागी हरवतं. हात चाळवत राहतात, तोंड हलतं, पण त्याला काही कळत नसतं. लहानपणी मला अशीच यायची. वर्गात मास्तर डस्टर फेकून मारायचे, तंद्री लागली म्हणून." हे सगळं ती आक्कांच्या मनगटावर हात ठेवून, त्यांच्यावरची नजर न काढता सांगत होती. "ही मिनिट-दोन मिनिटांत आपोआप थांबते. आत्यांची थांबलेली नाही. दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ता."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "थोडं थांबूया का? रागच असला तर?"

माझ्या डोळ्यांसमोर आक्का उभ्या होत्या. डॉक्टरच्या टेबलावरून उठून, पदर खोचून, 'मला येडी ठरवायला आणलंस व्हय गं इंदू' म्हणणाऱ्या आक्का. आणि त्यांना तिथं नेणारी कोण, तर जिला उद्या हाकलायचं ती. मग तिला या घरात परत कोण घेणार होतं?

वैजूला माझं सगळं कळलं. ती शांतपणे म्हणाली, "आई, माझं चुकलं तर काय होईल? बाबा मला न्यायला उद्या येणारच आहेत. याहून जास्त काय होणार? आणि चुकलं नाही तर आत्या जातील."

मी आजवर पुष्कळ धीट माणसं पाहिली आहेत. पण ज्या बाईनं आपला संसार मोडायला काढलाय, तिच्यासाठी उरलासुरला संसारही पणाला लावणारी पोरगी मी एकच पाहिली. ती माझ्या स्वयंपाकघरात मिरच्यांत बसली होती.

"शालन, तुझ्या मालकांना गाडी काढायला सांग," मी म्हणाले.

शालन धावली. तिच्या नवऱ्याची मारुती व्हॅन होती. मी ह्यांना दुकानात फोन लावला. फोन कानाला असतानाच आक्कांची मान एका बाजूला वळायला लागली, सावकाश, कुणी धरून पिळल्यासारखी. तोंड वाकडं झालं, हात ताठला, आणि घशातून असा आवाज आला की माझ्या हातून फोन पडला.

वैजूनं त्यांना पडू दिलं नाही. खांद्याला धरून अलगद जमिनीवर आडवं केलं, आणि मग आक्कांचं सगळं अंग झटके द्यायला लागलं.

मग आम्ही बायकांनी जे करायचं तेच केलं. परत आलेली शालन समोरचा कांदा फोडून आक्कांच्या नाकाला लावायला धावली. कांद्याला काय तोटा, पाच किलो चिरलेला पडला होता. त्यानं झालं नाही म्हणून दारातली चप्पल घेऊन आली. आणि मी, जिच्या सुनेला फिट येतात ती मी, कालथ्याशेजारचा चमचा उचलून आक्कांचे दात उघडायला बसले.

"चमचा टाका!" वैजू ओरडली. आठ महिन्यांत तिचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तोंडात काही घालायचं नाही. दात तुटून घशात जाईल. काकी, चप्पल ठेवा. नाक मोकळं ठेवा, श्वास घ्यायचाय त्यांना. हात दाबून धरू नका, हाड मोडेल."

"मग करायचं तरी काय?" मी रडकुंडीला आले होते.

"गॅस बंद करा. मिरच्या मागं सारा. आणि आई, घड्याळासमोर उभ्या राहा. दर मिनिटाला मोठ्यानं सांगा. दुसरं काही करू नका."

मी उभी राहिले. नजर काट्यावर रोखली. वैजूनं आक्कांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेलची घडी सारली, पोलक्याची गळ्याजवळची गुंडी काढली. तोंडातला फेस आपोआप बाहेर गळायला लागला.

"एक," मी म्हणाले.

"दोन."

"माझी बारशात इथं थांबली होती," वैजू म्हणाली.

"तीन."

आक्कांचे ओठ निळसर दिसायला लागले. बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला.

"आता थांबेल याची वाट बघायची नाही," वैजू म्हणाली. "झटक्याची फिट पाचाच्या पुढं गेली तर ती आपली आपण थांबत नाही म्हणून धरून चालायचं. आणि ही तर आधीपासनं चालू आहे. वाकळ आणा."

आम्ही आक्कांना वाकळेवर घेतलं. चार टोकांना वैजू, मी, शालन आणि तिचा नवरा. व्हॅनच्या मागच्या भागात वैजू खाली बसली, आक्कांचं डोकं आपल्या मांडीजवळ कुशीवर धरून. मी पुढे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. सात. आठ. नऊ. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा मी बारा म्हणाले होते, आणि आक्कांचं अंग अजून झटके देत होतं.

डॉक्टर तरुण होते. विचारत होते माझ्याकडे बघून, मी बघत होते वैजूकडे. वैजूच बोलली.

"पावणेअकराला शेवटचं बोलल्या. अकरा तीनला मी पाहिलं तेव्हा भान नव्हतं, उजवा हात आणि तोंड चाळवत होतं. अकरा आठला मान उजवीकडं वळली आणि सगळ्या अंगात आली. बारा मिनिटं झाली. मध्ये शुद्ध आलेली नाही. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. तोंडात काही घातलेलं नाही."

डॉक्टरांनी एकदाच तिच्याकडे नीट पाहिलं आणि आत पळाले.

शिरेत पहिलं इंजेक्शन दिलं, थांबली नाही. दुसरं दिलं. मग बाटली लावली. दाराच्या काचेतून मला फक्त आक्कांचे पाय दिसत होते, तळव्यांना मिरच्यांचं लाल लागलेलं. ते पाय हलत होते, हलत होते, मग कमी झाले, मग थांबले. थांबले ते चांगल्यासाठी की वाईटासाठी, मला कळेना. मी वैजूचा हात धरला.

"श्वास चालू आहे, आई," ती म्हणाली. "पोट बघा, वरखाली होतंय."

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. हेही तोवर पोचले होते आणि बाकावर बसून रुमालाला गाठी मारत होते.

"आता स्थिर आहेत," डॉक्टर म्हणाले. "मेंदूचा फोटो काढावा लागेल. मला वाटतं पूर्वी कधीतरी पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेलाय, त्याची खूण राहिलीय. या आधी असं कधी झालं होतं? मध्येच गप्प होणं, हाकेला उत्तर न देणं?"

हे माझ्याकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे. वर्षभराचे अबोले माझ्या डोळ्यांपुढून सरकले. उदयच्या वाढदिवसाला धरलेला. देवळात, आरतीचं ताट हातात असताना धरलेला. त्यातला खरा राग किती आणि हे किती, देव जाणे. मी प्रत्येक वेळी घड्याळ लावून बसले होते आणि मनातल्या मनात हसले होते. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"झालं होतं," मी म्हणाले. "आम्हाला रुसवा वाटला."

"बहुतेकांना तसंच काहीतरी वाटतं," डॉक्टर म्हणाले. "झटके देणारी फिट कुणालाही दिसते. गप्प बसलेली फिट घरात ओळखून पेशंट आणलेला मी अजून पाहिला नव्हता. अजून अर्धा तास तुम्ही रुसवा समजला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. कुणी ओळखलं?"

मी वैजूच्या दंडाला धरून तिला पुढे ओढलं. "हिनं," मी म्हणाले. "ही माझी सून. वैजयंती." गेले पंधरा दिवस लोकांसमोर जिचं नाव घ्यायला मी कचरत होते, तिचं नाव मी त्या व्हरांड्यात असं घेतलं की पलीकडची नर्स वळून बघायला लागली. छाती अशी भरून आली की मुलगा बोर्डात आला होता तेव्हाही आली नव्हती.

वैजू मात्र डॉक्टर आत गेल्यावर भिंतीला टेकून खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. मिरचीच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे आणखी रडली. मी पदर ओला करून तिचे डोळे पुसले. पुसता पुसता मला आठवलं.

"सकाळची गोळी घेतलीस?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. सकाळी जेवण झालं नव्हतं, सगळ्यांच्या शेवटी जेवायचं होतं.

"आजपासनं या घरात तू आधी जेवायचंस," मी म्हणाले आणि ह्यांना गोळी आणि डबा आणायला घरी पिटाळलं. ते गाठी मारलेला रुमाल खिशात कोंबत निघाले.

आक्का दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आल्या. जीभ चावलेली, अंग ठेचल्यासारखं दुखतंय म्हणाल्या. काय झालं ते डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं, कुणी ओळखलं तेही. आक्कांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मी घाबरून दोनदा हाक मारली, तशा फणकारल्या, "जागी हाय मी. इचार करायला बी देत न्हाईस."

दुपारी वैजूचे वडील आले. त्या गोंधळात त्यांना येऊ नका म्हणून सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. रेडेकर गुरुजी, आजऱ्याकडच्या शाळेतून निवृत्त झालेले. आधी घरी गेले, शालननं इकडे पाठवलं. वॉर्डात सहा खाटा, सगळ्यांची माणसं बसलेली. गुरुजी चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन आत आले. आक्का डोळे मिटून पडल्या होत्या. वैजू त्यांच्या पायाशी बसली होती. लेकीला पाहून गुरुजींचे डोळे भरले, पण ते माझ्याकडे वळले. या माणसानं आपल्या मुलीच्या आजाराचं नाव माझ्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. 'तिचा तो त्रास' म्हणायचे, तेही आवाज खाली घेऊन.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तिचा तो त्रास... आमचंच चुकलं. नेतो मी तिला. पण यांना काय झालं?"

शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकत होती. माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "काही नाही हो. जरा चक्कर आली."

"इंदू!"

आक्कांनी डोळे उघडले होते. आवाज बोबडा होता, पण आक्कांचा होता.

"खोटं कशाला सांगतीस? चक्कर न्हाई. फिट आलती मला." त्या गुरुजींकडे वळल्या. "पावणं, तुमच्या लेकीला येती तीच. आमच्या घरात कुणाला वळखली न्हाई. हिनं वळखली, म्हणून मी तुमास्नी हितं दिसतेय."

सहाही खाटांनी ऐकलं होतं.

"तुमाला बोलवून घेतलं मी," आक्का म्हणाल्या. "ते माझं चुकलं. आता मीच सांगते, लेक न्यायची न्हाई. माहेरपणाला न्या, चार दिवस, आणि आणून सोडा." मग वैजूकडे न बघताच तिचा हात चाचपला आणि धरून ठेवला.

वैजूनं दुसरा हातही त्यांच्या हातावर ठेवला.

गुरुजी तसेच उभे होते. त्यांनी आक्कांकडे पाहिलं, मग लेकीकडे. शेजारच्या खाटेवरच्या बाईला राहवलं नाही. तिनं विचारलं, "हीच का वो ती लेक?"

गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी मुलगी आहे. तिला फिट येते. तिनंच ओळखली."